उतरवलेला स्टार्टर

नानासो वारल्यापासून त्यांची जुनी जीप कवठे महांकाळच्या मळ्यातल्या घरासमोर उभी होती. चावी फिरवली की नुसतं टक वाजायचं. मेकॅनिक मल्हारने नवी बॅटरी जोडली, टर्मिनल घासले, शेवटी स्टार्टरच उतरवून लिंबाखाली खोलला. आतले ब्रश पार झिजले होते.

तेवढ्यात, भर दुपारी, जीपचं इंजिन सुरू झालं. आत कोणी नव्हतं. चावी मल्हारच्या खिशात होती आणि स्टार्टर मांडीवर.

नानासोंची बायको भामाबाई दारात आली. "घाबरू नगंस, मल्हारा. ह्यांची पाणी सोडायला जायची येळ झाली."

थोड्या वेळाने इंजिन आपोआप थांबलं. मल्हारने डोकावून पाहिलं, तर सीटवरच्या धुळीत कोणी बसून उठल्याचा ठसा होता. चावी ओट्यावर ठेवून त्याने गावाची वाट धरली.