दोघांचा पास

आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षं बेटाच्या बोटीवर इंजिन सांभाळलं. सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. मी कितीदा म्हटलं, "अहो, एकदा मलाही न्या की!" उत्तर ठरलेलं, "काय आहे तिथे? चार झाडं आणि वारा." निवृत्तीला कंपनीने एक दिवसाचा पास दिला, दोघांचा. तोही मला सापडला शर्ट धुवायला काढताना, खिशात. मग मी हटूनच बसले. बेट गेलं खड्ड्यात. यापुढे हा माणूस दिवसभर घरात असणार. त्याच्या मनात मी आहे की नाही, तेवढं मला एकदा बघायचं होतं.

बोटीत मला खिडकीशी बसवलं आणि उठूच दिलं नाही. चहासुद्धा जागेवर आणून दिला, वर फुंकर घालून! म्हटलं, बाई गं, आज सूर्य कुठे उगवला? लग्नात लाजले नसेन एवढी लाजले.

बेटावर उतरलो. हे ओळखीच्या कुणाशी बोलत मागे राहिले, तेवढ्यात धक्क्यावरची टपरीवाली खुर्ची घेऊन धावत आली.

"वहिनी ना तुम्ही? अगंबाई, चालत आलात?"

"मग काय उडत येणार?"

"तसं नाही हो. तुमचे पाय गेलेत, अंथरुणातून उठवत नाही, असं दादा सांगायचे. आम्ही म्हणायचो, एकदा घेऊन या. तर डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या."

मी गारच पडले. पाय गेलेत? माझे? पाण्याच्या बादल्या घेऊन तीन जिने चढणारी मी. यांच्या आईला दोन वर्षं उचलून न्हाऊ घालणारी मी!

हे आले आणि आमची तोंडं बघून समजले. "आता जरा बरं आहे तिला," टपरीवालीला म्हणाले, आणि मला झाडांकडे घेऊन गेले.

"सारखं विचारायचे गं लोक. एकदा तोंडातून गेलं, मग निस्तरत बसलो."

"पण आणायचं का नव्हतं मला?"

"इथे बरं वाटायचं. एकट्याला."

भाजी महाग झाली म्हणून सांगावं, तसं सांगितलं. मी रडले, वाट्टेल ते बोलले. ते समुद्राकडे बघत बसले होते.

संध्याकाळच्या बोटीला निरोप द्यायला सगळा धक्का जमला. टपरीवाली डोळे पुसत म्हणाली, "दादा, बायकोचं किती केलंत हो!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं. असं गयावया करून आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. मग बोटीत चढायच्या फळीपाशी त्यांनी हात पुढे केला. सगळं बोलून टाकावं म्हणून मी तोंड उघडलंही होतं. पण माझ्यासाठी पुढे आलेला हा पहिलाच हात. लाज वाटते सांगायला. मी तो धरला आणि सगळ्यांदेखत लंगडत वर चढले.