वाक्य बरोबर होतं

“तिकीट मागायला भाषा कशाला लागते, बाई? खिडकीत बोट दाखवलं तरी मिळतं.”

बाईंचीच परकीय भाषा शिकवायला आलेले नवे सर हसत हसत म्हणाले, पण बाईंना ते लागलंच. शिक्षकांच्या खोलीत टेबलावर त्यांची आठवडाभराची मेहनत पसरली होती. यंदापासून परकीय भाषेचा लेखी पेपर बंद झाला होता. मुलांनी त्या भाषेत काहीतरी करून दाखवायचं आणि बाईंनी गुण द्यायचे. प्रसंग कोणता, ते बाईंनी ठरवून कार्डावर लिहायचं.

“बरं, मग डॉक्टरांचा घेऊ. पोट दुखतंय, डोकं दुखतंय...”

“पाठ करून येतील हो. डोकं दुखतंय म्हणतील आणि पोट धरतील. खरा प्रसंग हवा, बाई. आयुष्यातला.”

बाईंनी तेही कार्ड फाडलं. उठून खिडकी उघडली, पुन्हा लावली. उभा जन्म व्याकरणाचे पेपर काढण्यात गेला होता. क्रियापदाचं रूप चुकलं की त्यांचं लाल पेन दयामाया दाखवत नसे. पण ती भाषा बोलणारा देश त्यांनी कधी पाहिला नव्हता. कॅसेटमधली माणसं सोडली तर तिथल्या कुणाशी त्या चार वाक्यं बोललेल्या नव्हत्या. हे त्या कुणाला सांगत नसत. त्यामुळे ‘खरा प्रसंग’ म्हटलं की त्या विषय बदलत.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांची नणंद सरकारी हॉस्पिटलात नर्स होती.

“वहिनी, असशील तशी ये. एक परदेशी बाई आहे, तुझीच ती भाषा बोलते. इथे कुणालाच काही कळत नाहीये.”

“अगं, पण मी काय...”

“तू नाही तर कोण? रिक्षा कर आणि ये.”

हॉस्पिटलच्या दारात नणंद उभीच होती. चालता चालता तिने सांगितलं. नवरा-बायको फिरायला आलेले. सकाळी हॉटेलच्या जिन्यात नवरा कोसळला. आणला तेव्हाच फारसं काही उरलं नव्हतं. तासाभरापूर्वी खेळ आटोपला.

“तिला माहीत आहे?”

“कसं माहीत असणार? डॉक्टरांनी हातवारे करून पाहिले. तिला वाटतंय ऑपरेशन चाललंय. तूच सांग आता.”

परत फिरावं असं क्षणभर बाईंच्या मनात आलं. पण नणंदेने दार उघडलं होतं.

बाकावर साठीची एक बाई बसली होती. मांडीवर नवऱ्याचा कोट, त्यावर त्याचा चष्मा. बाईंच्या तोंडून तिच्या भाषेतला नमस्कार ऐकला मात्र, ती बुडत्याला काठ दिसावा तशी उठली आणि बोलत सुटली. कॅसेटमधली माणसं असं कधी बोलली नव्हती. ही शब्द गिळत होती, मधेच रडत होती, मधेच घरच्या गॅसबद्दल काही विचारत होती. बाईंना निम्मंअर्धं कळलं. ‘सावकाश बोला’ हे वाक्य त्यांनी किती पिढ्यांना शिकवलं होतं, पण ते म्हणायची त्यांची छाती होईना.

डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “सांगा त्यांना. आम्ही खूप प्रयत्न केले. पण ते गेले.”

बाईंनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं. कर्ता, भूतकाळ, आदरार्थी रूप. एकदा तपासलं. मग स्वच्छ उच्चारात म्हणाल्या, “डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. पण तुमचे पती गेले.”

ती बाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

“गेले? कुठे? मोठ्या हॉस्पिटलात? मला आधी का नाही सांगितलं?” तिने कोट हातावर घेतला, पर्स खांद्याला अडकवली. “चला, लवकर चला. चष्मा माझ्याकडेच राहिला. त्यांना चष्म्याशिवाय काही दिसत नाही.”

ती दारापर्यंत पोहोचलीसुद्धा. बाईंच्या तेव्हा ध्यानात आलं, की माणूस ‘जातो’ तो आपल्याकडे. त्या भाषेत गेला म्हणजे नुसता गेला. परत येऊ शकतो.

शब्दाला शब्द ठेवू नका म्हणून वर्गात घसा कोरडा करणाऱ्या बाईंना आता दुसरा शब्द सापडेना. होता, एकच होता. पाठ्यपुस्तकात राजांच्या आणि युद्धांच्या धड्यात येणारा, उघडा, हाडासारखा कोरडा. त्यांनी त्या बाईचा दंड धरला आणि तो उच्चारला. ती ऐकेना, म्हणून पुन्हा उच्चारला.

चष्मा खाली पडला. नणंदेने तो उचलून बाकावर ठेवला.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “जमलं का गं?” बाई “हो” म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. कशातच चित्त लागेना. आमटी उतू गेली. पुसलेला ओटा त्यांनी पुन्हा पुसला. एकदा सांगायचं ते तिला दोनदा ऐकावं लागलं, आणि मधल्या वेळात ती आनंदाने निघाली होती. ते निघणं काही केल्या नजरेसमोरून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी त्या पुन्हा हॉस्पिटलात गेल्या. दूतावासाचा माणूस आला होता, कागदपत्रं चालली होती. बाईंनी रात्रभर घोळवलेलं माफीचं वाक्य म्हटलं. “काल माझ्याकडून चूक झाली. मी चुकीचा शब्द वापरला.”

ती बाई ऐकत होती की नाही, कळेना. डोळे सुजलेले, कोटाचं एक बटण ती सारखं चाचपत होती. मग एकदम तिने मान वर केली आणि कालपासूनची ‘तुम्ही’ची भाषा सोडून विचारलं, “तू काही खाल्लंस का?”

बाईंना त्या भाषेत आजवर कुणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. “तुम्ही?” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

शाळेत सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातल्या शिक्षकाला राहवेना.

“बाई, राग मानू नका. पण यापेक्षा खरा प्रसंग कुठून आणणार? वाईट बातमी सांगणं. कार्ड करू या.”

“नाही.”

“अहो, का पण?”

“तिच्या दुःखावर मुलांचे गुण मोजायचे? नाही जमायचं मला.” बाईंनी गुणांचा तक्ता पुढे ओढला. “आणि हे बघा. उच्चार, व्याकरण, शब्दसंपदा, ओघ. कालच्या वाक्याला यात किती गुण पडले असते?”

सरांनी मनातल्या मनात वाक्य तपासलं. “पैकीच्या पैकी,” ते हळूच म्हणाले.

बाईंनी व्याकरणाचे निम्मे गुण कापले आणि खाली नवा रकाना आखला. ‘समोरच्याला काय समजलं, हे बघतो का? समजलं नसेल तर दुसऱ्या तऱ्हेने सांगतो का?’ प्रसंग साधाच निवडला. बसस्थानकावर एका परदेशी म्हातारीची बस रद्द झाली आहे, तिला ते सांगून मदत करायची. म्हातारी स्वतः बाईच होणार होत्या.

परीक्षेला सगळ्यांत आधी आत आली ती मागच्या बाकावरची अबोल मुलगी. तिने घाबरत वाक्य म्हटलं. अचूक होतं. बाईंनी ठरल्याप्रमाणे न समजल्यासारखा चेहरा केला आणि पिशवी उचलून बसकडे निघाल्याचं दाखवलं.

मुलगी गोंधळली. तिने सरांकडे पाहिलं, बाईंच्या पेनाकडे पाहिलं. मग खुर्चीतून उठली, बाईंच्या हातातली पिशवी हळूच काढून घेऊन खाली ठेवली आणि मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगू लागली. बस नाही. आज नाही. उद्या. तुम्ही बसा. मी आहे. क्रियापदं जागेवर नव्हती, पण तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

बाई बसल्या.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. मुलगी थोडा वेळ थांबली, मग पुढे वाकून कुजबुजली, “बाई, आता तुम्ही बोलायचंय.”