धुतलेल्या गाडीचं लॉक

उणे एकतीस अंश थंडीत मला गाडी धुवायची बुद्धी झाली.

दुसऱ्या कुणी असलं काही केलं असतं, तर मी त्याला भर चौकात मूर्खात काढलं असतं. कारण आमच्या गावात दर बुधवारी ‘हिवाळ्यातली गाडी’ हा वर्ग मीच घेतो, तोही गेली सव्वीस वर्षं. पहिल्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो: कडाक्याच्या थंडीत गाडी धुवू नका. धुतलीच तर दारांचं रबर आणि लॉक कोरडं करा. लॉकमधला बर्फ वितळवणारा स्प्रे गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा. लॉकला तोंड लावू नका. या चार वाक्यांवर गाव मला मास्तर म्हणतं. आणि त्या बुधवारी ही चारही वाक्यं लिहून, पुसून, घरी येताना मी पेट्रोल पंपावर थांबलो आणि गाडी चकचकीत धुऊन घेतली.

कारण दुसऱ्या दिवशी साइमी येणार होती. माझी थोरली बहीण. अकरा वर्षांनी.

अकरा वर्षांपूर्वी असाच जानेवारी होता. आई तीन तासांवरच्या इस्पितळात होती. साइमीनं पहाटे फोन केला, ‘‘ताइस्तो, असशील तसा नीघ.’’ दुपारी मी तिला उलट फोन करून सांगितलं की, गाडीचं लॉक गोठलंय. संध्याकाळी आई गेली. साइमी एवढंच म्हणाली, ‘‘अख्ख्या गावाला लॉक शिकवतोस आणि तुझंच गोठलं होय!’’ त्यानंतर नाताळचं कार्डसुद्धा आलं नाही. आणि आता तीन ओळींचं पत्र: ‘गुरुवारी सकाळी नऊच्या आगगाडीनं येते. स्टेशनवर ये. वेळेवर ये.’ ‘वेळेवर’खाली दोन रेघा होत्या. या वेळी उशीर झाला, तर ती माझं पुन्हा तोंड बघणार नाही, हे मला त्या दोन रेघांवरून कळलं.

गुरुवारी सव्वाआठला मी बाहेर आलो. इंजिन गोठू नये म्हणून ते रात्रभर अंगणातल्या विजेच्या खांबाला वायरनं जोडून गरम ठेवलेलं होतं. त्याच विजेवर आतला हीटर तासभर चालू होता, काचा स्वच्छ होत्या. गाडीच्या आत उणे नाही, चांगलं अधिक अठरा असणार. त्या उबेत, पुढच्या कप्प्यात, लॉकचा स्प्रे आरामात पडला होता. मी बाहेर उभा होतो. किल्ली लॉकमध्ये शिरेना. पलीकडच्या दाराचं लॉक चार वर्षांपूर्वीच मोडलेलं. उद्या दुरुस्त करू म्हणून राहिलेलं.

किल्ली लायटरवर तापवली, तर लायटर विझला. दाराला खांदा दिला, तर खांदा दुखला. साडेआठ वाजले. तेव्हा एका विद्वान माणसानं वाकून लॉकवर तोंडाची ऊब सोडायला सुरुवात केली. अंमळ जवळून.

खालचा ओठ चिकटला.

हे माझ्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हतं. सहा वर्षांचा असताना सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, दाराच्या लोखंडी कडीला मी जीभ लावली होती आणि आईनं कोमट दूध ओतून सोडवलं होतं. आता मी अडुसष्ट वर्षांचा आहे. प्रगती म्हणायची तर जिभेवरून ओठावर आलो.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. कसाबसा काढला. पडद्यावर साइमीचं नाव. बोलणार कशानं?

शेजारची इर्या हातात फावडं घेऊन बर्फ काढायला बाहेर आली. तिनं वर्षानुवर्षं पोस्टाची गाडी चालवली आणि तीन हिवाळे माझ्या वर्गात पहिल्या बाकावर काढले.

‘‘मास्तर, गाडीचा मुका घेताय?’’

‘‘ऊंऊं,’’ मी म्हणालो.

‘‘हलू नका! ‘ओढलं तर कातडं जातं’, तुमचंच वाक्य आहे. वहीत लिहून घेतलंय मी.’’ ती फोन माझ्या हातातून घेऊन कानाला लावून मोकळी झाली. ‘‘हॅलो? हो, आहे ना इथे. नाही, बोलू नाही शकत. लॉक गोठलंय आणि तोंड त्याला चिकटलंय… नाही हो, चेष्टा नाही!’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘ठेवला फोन त्यांनी.’’

मला रडू आलं. डोळ्यांत आलेलं पाणीही पापण्यांवर गोठलं.

खरं सांगायचं, तर अकरा वर्षांपूर्वी लॉक गोठलं नव्हतं. गाडी उघडी होती, इंजिन गरम होतं. मी किल्ली हातात धरून दुपारपर्यंत स्वयंपाकघरात बसून होतो. आईला मरताना बघायची मला भीती वाटत होती. म्हणून थाप मारली. आता तीच थाप अक्षरशः खरी झाली होती.

इर्यानं घरातून थर्मास आणून त्यातली कोमट कॉफी ओठावर ओतून मला सोडवलं. थोडं कातडं गाडीकडेच राहिलं. मग तिनं मला आपल्या गाडीत कोंबलं.

आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक छप्पर. सव्वानऊला पोचलो, तेव्हा छपराखाली साइमी एकटी उभी होती. भुवया हिमानं पांढऱ्या झालेल्या. इर्या गाडीतच थांबली. मी धावत गेलो. साइमीनं माझा सुजलेला, रक्ताळलेला ओठ पाहिला आणि तिचा चेहरा विरघळला.

‘‘म्हणजे तेव्हाही खरंच गोठलं होतं रे?’’ ती म्हणाली. ‘‘आणि मी अकरा वर्षं… माफ कर मला, ताइस्तो.’’

नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. ओठ फाटलेला होता, गप्प राहायला इतकं चांगलं कारण मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

‘‘नव्हतं,’’ मी म्हणालो. ओठातून पुन्हा रक्त आलं. ‘‘लॉक चांगलं होतं. मी घाबरलो होतो. घरातच बसून होतो.’’

मग खिशातून रुमाल काढून तिनं माझ्या ओठावर दाबला, जरा जोरातच.

‘‘आई सारखी विचारत होती, तू निघालास का म्हणून. मी तिला सांगितलं, त्याच्या गाडीचं लॉक गोठलंय. तिला ते पटलं. तुझ्यासाठी निरोप दिला होता तिनं. मी रागात होते, दिला नाही तुला.’’

‘‘काय म्हणाली?’’

‘‘म्हणाली, त्याला सांग, तोंड लावू नकोस.’’