मुक्कामाला आलेल्या बायका

रेडिओवरचा माणूस ‘समोआ’ म्हणाला तेव्हा श्यामला ऑकलंडच्या घरात डब्यात पोळ्या भरत होती. तिच्या नवऱ्यानं, विश्वनाथनं, आवाज वाढवला. पहाटे मोठा भूकंप झाला होता आणि त्यामागोमाग समुद्र आत घुसला होता. उपोलू बेटाचा दक्षिण किनारा, गावंच्या गावं.

“आज तिकडे कुठला वार?” तिनं विचारलं.

“मंगळवार. आपल्या एक दिवस मागे ना ते.”

श्यामला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मंगळवार म्हणजे तपासणीचा दिवस. लांबच्या वाड्यांवरच्या गरोदर बायका सोमवारी संध्याकाळीच येऊन दवाखान्याच्या पुढच्या खोलीत झोपत. आणि तो दवाखाना समुद्रापासून तीस पावलांवर उभा होता. तिथे तो बांधायला तिनंच लावला होता.

श्यामला मूळची साताऱ्याची, पापाटोएटो या उपनगरातल्या एका क्लिनिकमध्ये बारा वर्षं नर्स. ऑकलंडमधली एक छोटी संस्था समोआतल्या एका गावच्या महिला समितीबरोबर काम करायची. त्या कामासाठी ती वर्षातून दोनदा स्वतःची रजा टाकून जाई. गावातल्या बायकांना रक्तदाब घ्यायला, बाळाचं वजन नोंदवायला, धोक्याचं बाळंतपण आधीच ओळखायला शिकवी. समितीची प्रमुख लोसा पन्नाशीची, आडव्या बांध्याची आणि कमी बोलणारी बाई होती. दोन वर्षांपूर्वी जागा ठरवायची वेळ आली तेव्हा लोसानं टेकडीवरच्या फणसासारख्या फळांच्या झाडांकडे बोट दाखवून, वर बांधू या, असं सुचवलं होतं. श्यामलानं तिला समजावलं. वीज खालीच आहे, लसींचा फ्रिज कसा चालेल? अवघडलेल्या बाया चढ कशा चढतील? लोसानं हसून मान डोलावली. श्यामलानं अहवालात लिहिलं, जागा समितीच्या संमतीनं निश्चित.

ते वाक्य आता तिला जसंच्या तसं आठवत होतं.

घरून तिनं लोसाच्या नंबरावर अकरा वेळा फोन लावला. लागला नाही. विश्वनाथ म्हणाला, आज जाऊ नकोस कामावर. पण घरी बसून ती वेडी झाली असती.

क्लिनिकमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. निम्मे पेशंट समोअन, सगळ्यांच्या हातात मोबाईल. सफाई करणारी मलिया त्याच किनाऱ्यावरची होती. तिचा भाऊ राजधानीत टॅक्सी चालवायचा. तो गाडी घेऊन दक्षिणेकडे निघालाय, एवढंच तिला कळलं होतं. ती एकच काच पुन्हा पुन्हा पुसत होती.

श्यामलानं दिवसभर इंजेक्शनं दिली, पट्ट्या बांधल्या. हात सवयीनं चालत होते. डोळ्यांसमोर मात्र ती खोली होती, चटयांवर ओळीनं झोपलेल्या बायका, कुशीवर वळलेली पोटं. किती असतील? सहा? आठ? एका आजोबांचा रक्तदाब घेताना तिला आकडा दिसेना. तिनं पट्टा पुन्हा गुंडाळला. आपल्याला कुणी काही म्हणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. ती माणसं पाहुण्याला दोष देत नाहीत. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

साडेतीनला मलियाचा फोन वाजला. ती भिंतीला पाठ लावून ऐकत राहिली. मग तिनं श्यामलाचं मनगट धरून तिला औषधांच्या खोलीत नेलं.

“दवाखाना नाही उरला,” मलिया म्हणाली. “नुसती फरशी आहे.”

“बायका?”

“त्या वर होत्या.”

श्यामलाला कळेना. मलियानं चालू फोनवर भावाला पुन्हा विचारलं, मग सांगितलं. गेल्या वर्षापासून मुक्कामाच्या बायका खाली झोपतच नव्हत्या. समितीनं टेकडीवर झावळ्यांचं छप्पर घालून, चार खांबांची मोकळी झोपडी उभारली होती. म्हाताऱ्या बायकांनी हट्ट धरला होता, रात्री समुद्राशेजारी पोटुशी बाई झोपवायची नाही. तपासणी तेवढी खाली, तुझ्या फ्रिजपाशी.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुला वाईट वाटलं असतं ना.”

श्यामलानं औषधांच्या फळीला घट्ट धरलं. मलियानं तिचं मनगट सोडलं नव्हतं.

“लोसा?” तिनं विचारलं.

मलियानं मान खाली घातली. मंगळवारी सगळ्यांच्या आधी खाली जाऊन खोली झाडायचं काम लोसाचं होतं.

पाच आठवड्यांनी श्यामला तिथे गेली. विमानात तिनं दोनदा ठरवलं की उतरल्या उतरल्या परतीचं तिकीट काढायचं. टेकडीवरच्या त्या झोपडीत समिती बसली होती. प्रमुख आता लोसाची सून होती, तिशीच्या आतली. तिनं इंग्रजीत विचारलं, “नवीन दवाखाना कुठे असावा? तुमचं काय मत?”

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. खालून लाटांचा आवाज येत होता, आणि प्रत्येक लाटेला श्यामलाचे खांदे आखडत होते.

“तुम्ही ठरवा,” ती म्हणाली. “आणि मी चुकत असले तर मला सांगा.”

सुनेनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. मग एका म्हातारीनं सुरुवात केली, दुसरीनं तिला तोडलं, आणि बघता बघता सगळ्याच बोलू लागल्या, हात उडवत, एकमेकींवर चिडत. दीड तास झाला. श्यामलाला त्यातलं अक्षरही कळलं नाही आणि ते सांगायला कुणी थांबलं नाही. तिच्या गुडघ्यांना रग लागली होती. शेजारच्या बाईनं बोलता बोलता आपलं झोपलेलं मूल उचलून तिच्या मांडीवर ठेवलं आणि मोकळ्या हातांनी पुन्हा भांडू लागली. श्यामला समुद्राकडे पाठ करून बसली होती. मुलाच्या तोंडावर बसणाऱ्या माश्या ती वारत राहिली.