रोट खाल्लेला माणूस

आमच्या घराण्यात कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशी देवीचा, रोट बाहेरच्याला देत नाहीत. देत नाहीत म्हणजे नाहीच. पोरगी सासरी गेली की तिलासुद्धा नाही. माझी वर्षा दरसाल श्रावणात कानबाईला येते, डोकं टेकते, रोटाकडे बघत बघत खीर खाते आणि परत जाते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, घरीच दळायचा, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे. आमच्या सासूबाई तर रोटाच्या पिठाचे हात धुतलेलं पाणीही उंबऱ्याबाहेर टाकू देत नसत. हे सगळं आमच्या आप्पांना पाठ आहे. तरी त्यांनी बिल्डरच्या माणसाला रोट खाऊ घातला. भर घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

आप्पा म्हणजे आमचे मालक, वाल्मिक आप्पा. सगळा जन्म कापडाच्या लूमवर काढला आणि आता रिटायर होऊन पुढारी झालेत. माणूस वाईट नाही हो, पण हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कोणी नुसती शिडी दाखवली तरी हे शेंड्यावर जाऊन बसतात.

आमचं ओलगाम सुरतेजवळ, भेस्तानच्या पुढे आहे. शिरपूरकडून लूमवर आलेली आम्ही माणसं, पोटाला चिमटा काढून गावाच्या कडेला एकेक खोली बांधली. इथंच का बांधली? तर तळ्यासाठी. रविवारी कानबाई बसते, सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत पाण्यावर न्यावं लागतं. सुरतेत तापी आहे, माहीत आहे मला. पण पाट डोक्यावर घेऊन तिथपर्यंत ट्रॅफिकमधून चालून दाखवा, मग बोला. सासूबाईंनी जागा बघायला आल्यावर आधी तळ्यात पाय घातले होते आणि म्हणाल्या होत्या, "आठेच राहूत. आठे कानबाईले पानी शे." इथंच राहायचं, इथं कानबाईला पाणी आहे.

आणि मागच्या वर्षी पंचायतीत नकाशा लागला. गावाच्या चारी बाजूंनी टॉवर. शाळेमागे टॉवर, स्मशानाच्या कडेला टॉवर आणि आमच्या तळ्यावर क्लबहाउस! नाव काय ठेवलं असेल ह्या सगळ्याला? लुसर्न लेकसिटी. होतं ते तळं बुजवायचं आणि नावात लेक घालायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मला त्या टॉवरशी काही देणंघेणं नव्हतं. लोकांनी कुठंतरी राहावंच ना! आम्हीही एके दिवशी पिशव्या घेऊनच आलो होतो. माझं तळं राहिलं पाहिजे, बस. बाकी पन्नास मजले चढवा, नाहीतर चंद्राला टेकवा.

पण नुसत्या तळ्यावर पुढाऱ्याचं पोट भरतं होय? आप्पांनी 'ओलगाम बचाव समिती' काढली. समितीचं पहिलं काम काय? बॅनर. बॅनरवर आप्पांचा हात जोडलेला फोटो, खाली कोपऱ्यात एवढंसं तळं. मी म्हटलं, "अहो, बुडवायचं कोणाला आहे, तळ्याला की तुम्हाला?" तर दोन दिवस बोलले नाहीत. बरं झालं, तेवढीच शांतता.

समितीत दुसरे मधुकरराव. हे पलीकडच्या 'तुलसी रो-हाउस'चे, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, भाषा एकदम इस्त्रीची. ते म्हणायचे, "मालतीबाई, आपण ग्रामीण शांततेचं संवर्धन केलं पाहिजे. हे टॉवर आले की कुठली कुठली माणसं येतील, सांगता येत नाही." ह्यांचं रो-हाउस जिथं उभं आहे तिथं मंगुभाईचं वांग्याचं शेत होतं. मी स्वतः तिथं वांगी तोडायला गेलेय. आणि ते आले तेव्हा आमच्या वस्तीकडे बघून त्यांनी मधे भिंत घालून घेतली होती. आता त्या भिंतीच्या अलीकडे चहाला येऊन 'आपण गावकरी' म्हणत होते. मी चहात साखर जरा कमीच घातली.

मग आली कानबाई. आणि कानबाईच्या ऐन रविवारी, दिवेलागणीला, आला धर्मेंद्र.

हा धर्मेंद्र बिल्डरचा जमिनीचं बघणारा माणूस. पांढरा शर्ट, पांढरे बूट, बोलणं लोण्यासारखं. सरपंच वळवणं, तलाटी सांभाळणं, रुसलेल्यांना मनवणं, हे सगळं त्याच्याकडे. आप्पांनीच त्याला बोलावलं होतं, "आमच्या भावना समजून घ्यायला या" म्हणून. आला, कानबाईला लोटांगण घातलं आणि उठून म्हणाला, "आप्पा, माझी आजी शिरपूरची हो. लहानपणी मी कानबाईच्या गाण्यावर नाचलोय."

झालं! आप्पांचे डोळे भरून आले. "अरे, मंग तू तर आपलाच शे!" आणि कानबाईपुढच्या ताटातला रोट मोडून ह्यांनी त्याच्या हातावर ठेवला. मी चुलीकडून ओरडेपर्यंत त्यानं तो तोंडात टाकला होता. वर मिटक्या मारत म्हणतो, "वाह काकू, एकदम घरची टेस्ट!"

झांजा थांबल्या. सगळे भाऊबंद आप्पांकडे बघत होते आणि आप्पा जमिनीकडे. मला इतका संताप आला होता की हातातली कढई कोणाच्या डोक्यावर घालावी एवढाच प्रश्न होता. दोन डोकी होती आणि कढई एक.

मिटवलं ते सुकदेव बापूंनी. बापू आमच्यात सगळ्यात वडील. तंबाखू गालात सरकवून ते म्हणाले, "रोट खाधा ना त्यानी? आते बाहेर काढता येत नाही. मंग तो आते आपला भाऊबंद शे. उद्या कानबाई त्याच्याच डोक्यावर. पुढल्या सालपासून त्याच्या नावनी मूठ."

धर्मेंद्र खूश. त्याला वाटलं, सत्कार आहे.

सोमवारी सकाळी मी स्वतः त्याचे पांढरे बूट काढायला लावले. डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाट, पाटावर कानबाई. बँड पुढे, बायका फुगड्या घालतायत, आणि मधे हा घामानं निथळत, "काकू, किती लांब?" विचारत. मी म्हटलं, "तुमच्या नकाशात तर अगदी जवळ आहे." तळ्यात छातीइतक्या पाण्यात उतरवला त्याला. तिथं कानबाईला निरोप देताना मोठ्यानं बोलावं लागतं, ते मी त्याच्याकडून तीनदा बोलवून घेतलं, "कानबाई माय, पुढल्या सालले आठेच ये!" वस्तीतली झाडून सगळी पोरं मोबाइल धरून उभी होती. माझ्याही हातात होता. मला बाकी काही जमत नाही, पण व्हिडिओ काढता येतो.

पुढच्या महिन्यात लोकसुनावणी झाली. मांडव, पंखे, थंड पाण्याच्या बाटल्या, सगळं बिल्डरकडून. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याचंच पाणी प्यायचं. आधी मधुकरराव उठले. "पर्यावरणीय समतोल" पासून सुरू झाले ते "सांस्कृतिक अस्मिता" पर्यंत पोचले तोवर सुनावणी घेणाऱ्या सरकारी साहेबांनी दोन जांभया दिल्या होत्या. मग आप्पा उठले. ते माइकला "हॅलो, हॅलो" म्हणण्यातच इतके रमले की वेळ संपली.

मग बिल्डरचा वकील उठला आणि हात झटकून म्हणाला, "साहेब, त्यां तळाव छे ज नहीं. खाडो छे. कोई वापरतुं नथी." तळं नाहीच, खड्डा आहे म्हणे, कोणी वापरत नाही!

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले, मांडवाच्या मधून चालत गेले आणि साहेबांच्या टेबलावर मोबाइल ठेवला. "साहेब, खड्डा आहे ना? मग खड्ड्यात हे कोण उभं आहे ते बघा." आवाज पूर्ण वाढवला होता. "कानबाई माय, पुढल्या सालले आठेच ये!" साहेबांनी मोबाइलकडे बघितलं, मग पहिल्या रांगेत बसलेल्या धर्मेंद्रकडे बघितलं. मांडव असा हसला की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. वकील खाली बसला. साहेबांनी लिहून घेतलं, तळं राखावं.

पेढे वाटले आम्ही. आप्पांनी नवीन बॅनर लावला, 'विजय'. फोटो तोच.

पण हे बिल्डर लोक बारा गावचं पाणी प्यालेले. तळं राखलं त्यांनी. अगदी नकाशात निळ्या रंगानं राखलं आणि भोवती भिंत बांधून घेतली. टॉवर अजून एक नाही, पण भिंत उभी, गेट उभं, गेटवर सोनेरी अक्षरं आणि आत सॅम्पल फ्लॅट. फलकावर लिहिलेलं, 'तुमचं स्वतःचं तळं'. आप्पांना 'सल्लागार' म्हणून एक बिल्ला दिला होता त्यांनी. तो लावून ते दाढीसुद्धा करायचे.

ह्या श्रावणात रविवारी मी गहू मोजला. आप्पांची मूठ, बापूंची मूठ, सगळ्यांची, आणि शेवटी धर्मेंद्रच्या नावाची. जाऊबाई म्हणाली, "ताई, त्यानी कशाले?" मी म्हटलं, "कानबाईचा हिशेब आपण चुकवायचा नाही." त्याला निरोपही धाडला. तो आला नाही. फोन लागेना.

सोमवारी सकाळी वाजतगाजत गेटवर गेलो. कानबाई माझ्या डोक्यावर. गेटवरचा वॉचमन आडवा झाला. नवा माणूस, पण बोलण्यावरून आमच्याकडचाच. बिचारा नजर खाली घालून म्हणाला, "काकू, ऑर्डर आहे. बाहेरच्यांना आत सोडायचं नाही. फक्त बुकिंगवाल्यांना. घरच्यांनाच."

बाहेरच्यांना नाही. घरच्यांनाच. हे वाक्य मी माझ्या उंबऱ्यात जन्मभर बोललेय. माझ्याच पोटच्या पोरीला बोललेय, ती मागेच उभी होती. ते असं लागतं, हे मला गेटवर कळलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण पाण्यामागून रागही आला आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

मी कानबाई डोक्यावरून उतरवली आणि पाट गेटच्या मधोमध, डांबरावर ठेवला. बाजूला बसले.

वॉचमन घाबरला. "काकू, ती उठवा!"

"मी कशी उठवू? वाटेत टेकलेली कानबाई बाईनं उचलायची नसते. ज्याच्या नावाची मूठ रोटात आहे त्या पुरुषानं उचलायची. तू आमच्याकडचाच ना? तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. त्यानं टोपी काढली, बूट काढले आणि भिंतीला चिकटून उभा राहिला.

मी आमच्या पुरुषांकडे बघितलं. सुकदेव बापू कमरेवर हात ठेवून खाली बसले, "कंबर गयी माय." एकाचा खांदा धरला, एकाला चक्कर आली, कोणाला उपास लागला. राहिले आप्पा. त्यांनी सोनेरी अक्षरांकडे बघितलं, छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस वाकतो आणि माझं सगळं पाण्यात जातं. आप्पांनी बिल्ला काढला, खिशात टाकला आणि म्हणाले, "मना हात भरी उना." हात भरून आला म्हणे!

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा फोटो बॅनरवर लावावासा वाटला.

बायकांनी कानबाईची गाणी धरली. आतून फ्लॅट बघून निघालेल्या गाड्या आत अडकल्या, बाहेरच्या बाहेर. मधुकररावांची गाडीही रांगेत होती. आमच्यासारख्या बाहेरच्यांच्या नव्हे, आत जाणाऱ्यांच्या! मुलासाठी दहाव्या मजल्यावर बुकिंग केलं होतं म्हणे, तळ्याच्या बाजूचं. काच खाली करून म्हणाले, "मालतीबाई, असा रस्ता अडवणं योग्य नाही. हरकत लेखी द्यावी." मी म्हटलं, "तुम्ही दिली होती ना लेखी? मग आता तुमच्या ग्रामीण शांततेत जरा बसा."

पण खरं काम केलं ते काँक्रीटच्या गाड्यांनी. तीन गाड्या मागे येऊन उभ्या राहिल्या, पोटातले पिंप गरागरा फिरवत. कालवलेलं काँक्रीट वेळेत ओतलं नाही तर पिंपातच दगड होतं. ड्रायव्हर फोनवर शिव्या देत होते. ज्याचा फोन लागत नव्हता, त्याचा बरोबर लागला.

धर्मेंद्र धावत आला. पांढरे बूट चिखलानं माखलेले. "काकू, प्लीज! समजून घ्या, सोसायटीचा नियम आहे, बाहेरच्यांना..."

"बाहेरचं कोण आहे इथं? तुझ्या नावाचा रोट काल केलाय मी. तुझ्यासाठी झाकून ठेवलाय. घरचा माणूस गेटवर असताना आम्ही बाहेरचे कसे?"

त्यानं गाड्यांकडे बघितलं, फिरणाऱ्या पिंपांकडे बघितलं. मग वाकून बूट काढले. मी माझी चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, कानबाईचा पाट त्याच्या हातात दिला. वॉचमननं गेट पूर्ण उघडलं, दोन्ही दारं. बँड सुरू झाला. आख्खी वस्ती त्याच्यामागून आत गेली, मधुकररावांच्या गाडीला वळसा घालून.

विसर्जन करून घरी आल्यावर मी झाकलेला रोट काढला. त्याचे दोन भाग केले. एक धर्मेंद्रला दिला. दुसरा वर्षाच्या हातावर ठेवला.

जाऊबाई ओरडली, "ताई! ती पोरगी सासरनी!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "गेट मीपण उघडलं."