बदक ह्यांनी केलंय

आमच्या हिच्या हाताला चव आहे हे मला लग्न झाल्या झाल्या कळलं होतं, आणि ते मी बाहेर कुणाला कळू दिलं नाही. अगदी मुद्दाम.

मी लिफ्ट दुरुस्तीच्या कारखान्यात आहे. खोलून ठेवलेल्या मोटारी, तेलकट फरशी, आणि मधोमध एक लांब टेबल. जेवणाच्या सुट्टीत त्यावर वर्तमानपत्रं पसरायची आणि सगळे डबे एकदम उघडायचे. उघडायचे म्हणजे काय, लुटायचे! लंबू म्हणून एक प्राणी आहे आमच्याकडे. त्याचा हात टेबलाच्या त्या टोकावरून ह्या टोकापर्यंत पोचतो. मी नवीन होतो तेव्हा तो हात माझ्या डब्याकडे आला. झाकण नुकतंच उघडलं होतं आणि वासानं माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. मी पटकन म्हणालो, "अरे नको बाबा, तुला मुलंबाळं आहेत. माझं काय, मला सवय झालीय."

सगळे खो खो हसले. लंबूनं हात मागे घेतला. डबा मी एकट्यानं चाटूनपुसून खाल्ला.

झालं! एकदा लोक हसले की मला चेव चढतो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "काय रे, आज काय भोगायचंय?" मग मी रोज काहीतरी सोडायचो. बायकोनं केलेली पोळी दाराखाली सारली तर वारा अडतो. बायकोचं सूप मांजरानं हुंगलं आणि मांजर घर सोडून गेलं. आमचे उस्ताद, म्हणजे कारखान्यातले सगळ्यात मोठे मिस्त्री, कधी हसत नाहीत. तेही हसून हसून डोळे पुसायचे. स्टोअरच्या ताई तर दुसऱ्या खात्यातल्या लोकांना घेऊन यायच्या ऐकायला. आणि इकडे मी रोज घरचं सुग्रास जेवत होतो. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, आणि लाजही नव्हती.

आता ह्या बदकाचं. आमच्या घरापासून जवळ एक दवाखाना आहे, बरा मोठा. तिथल्या रुग्णांचं जेवण करायला त्यांना बाई हवी होती. तिथल्या मोठ्या सिस्टरनी हिच्या हातचं एकदा खाल्लं होतं, त्यांनी हिलाच विचारलं. हिनं आठवडाभर विचार केला आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही चांगलं म्हणता, पण तुमचं काय, तुम्ही घरचे. बाहेरच्या चार माणसांनी खाऊन सांगितलं तर मी हो म्हणेन. नाहीतर उगाच आजारी माणसांच्या तोंडची चव घालवायची कशाला? तुमच्या कारखान्यातल्यांना रविवारी जेवायला बोलवा. सोमवारी मला उत्तर द्यायचंय."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. बोलावलं. पण बोलावताना तरी गप्प बसावं की नाही? छे! म्हणालो, "या रविवारी. विमा काढून या." पुन्हा हशा. मग मात्र घाबरून लंबूला बाजूला घेतलं आणि बजावलं, "हे बघ, तिच्यासमोर डब्याचा विषय काढायचा नाही. एक शब्द नाही." तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "कळलं रे. वहिनींचं मन दुखवणार नाही आम्ही."

हिनं बदक ठरवलं, कारण कोंबडी कुणीही करतं. शनिवारी बदक धुऊन, पुसून, आतून-बाहेरून मीठ-मिरी चोळून फ्रिजमध्ये उघडंच ठेवलं. मी म्हटलं, झाकत का नाहीस? तर म्हणे कातडी कोरडी पडली पाहिजे, तरच कुरकुरीत होते. रविवारी सकाळी सुई घेऊन बसली आणि कातडीला टोचत राहिली, मांसाला लागू न देता, नुसत्या चरबीपर्यंत. पोटात लसूण आणि संत्र्याची साल भरली. मग मंद ओव्हनमध्ये ठेवून अधूनमधून बाहेर काढायची, ट्रेमध्ये उतरलेली चरबी वाटीत ओतून घ्यायची, बदक उलटं करायचं, पुन्हा आत. त्याच चरबीत बटाटे भाजले. कोबी बारीक चिरून व्हिनेगर आणि चिमूटभर साखर घालून परतला. काकडी नुसती मीठ लावून. "बाकी साधंच ठेवते," म्हणाली, "बदकाला बोलू दे." केसांना तेलाचा वास लागला म्हणून दोनदा डोकं धुतलं बिचारीनं. मी लसूण सोलून दिला आणि गप्प बसलो. पुन्हा पुन्हा वाटत होतं की आत्ता सांगावं. प्रत्येक वेळी ती काहीतरी चाखायला पुढे करायची आणि मी खायचो.

दुपारी पाहुणे आले. उस्ताद, लंबू, स्टोअरच्या ताई. तिघंही इस्त्री केलेल्या कपड्यांत, जणू कुणाच्या समाचाराला आलेत. हिनं एक तंगडी आणि थोडे तुकडे कापून बशीत मांडून आणले, बरोबर बटाटे, कोबी, काकडी. घरभर वास सुटला होता.

उस्तादांनी नखाएवढा तुकडा घेतला. ताईंनी एक बटाटा घेतला आणि ताटात इकडून तिकडे फिरवत बसल्या. लंबू, अहो, ज्याला दुसऱ्याच्या डब्यातली चटणीसुद्धा सोडवत नाही, तो म्हणाला, "बस, बस वहिनी. भूकच नाही."

"अहो, घ्या ना. लाजू नका," ही म्हणाली.

"नाही, छानच आहे. दिसतंय की छान आहे," ताई म्हणाल्या.

ही पुन्हा पुन्हा वाढायला उठायची आणि तिघांचे हात ताटावर आडवे यायचे. हिचा चेहरा उतरत चालला. ती उठून स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी दातओठ खात विचारलं, "काय झालंय तुम्हा लोकांना? खात का नाही?"

"अरे, आम्ही खाऊन आलोय," लंबू कुजबुजला. "कोपऱ्यावर ऑम्लेट आणि ब्रेड. तिघांनी भरपूर. तूच म्हणालास ना, विमा काढून या."

मी कपाळावर हात मारला. आता ह्या बयेला काय सांगू? तुझं जेवण वाईट नाही, तुझा नवरा वाईट आहे? तेवढ्यात ही दारात आली. तिनं शेवटचं ऐकलं होतं. "विमा कसला?" तिनं विचारलं.

लंबूला शांतता सहन होत नाही. "काही नाही वहिनी, हा गंमत करतो. आमची करमणूक होते हो. ती भाताची गोष्ट तर, अहाहा! तुमचा भात असा करपला की पातेलं उलटं केलं तरी पडेना, शेवटी ह्यानं कारखान्यातून छिन्नी नेली. आठवडाभर हसत होतो आम्ही."

मी मान वर केली नाही.

बाकी सगळ्या गोष्टी माझ्या मनच्या होत्या. भाताची तेवढी खरी. भात खरंच करपला होता. गॅसवर भात असताना हिच्या भावाचा फोन आला होता, बाबा गेले म्हणून. ती फोन हातात धरून तिथेच खाली बसली आणि गॅस तसाच राहिला. ती माहेरी गेल्यावर ते पातेलं मीच घासलं. छिन्नीबिन्नी काही नव्हती. दिवस झाल्यावर कामावर गेलो, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आज काय नवीन म्हणून. माझ्याकडे नवीन काही नव्हतं. मग मी तो भात सांगितला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक म्हणतात ना, मला तेव्हा खरंच तसं वाटलं. ही मात्र दाराला धरून उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. मग हसली. कशी हसली देव जाणे.

"हो, खरं आहे," म्हणाली. "माझ्या हाताला चवच नाही. पण आज घाबरू नका. बदक ह्यांनी केलंय. मी नुसते बटाटे आणि कोबी."

"काय सांगता!" लंबू उडालाच. "मग आधी नाही का सांगायचं?"

ती आत गेली, उरलेलं बदक घेऊन आली आणि सुरी माझ्या हातात दिली. "कापा. तुमचंच आहे."

मी हिच्याकडे बघितलं. हिच्या नजरेत राग नव्हता, तेच जड गेलं. सुरी चालवायला लागलो तर हाडावर अडकली. "सांध्यात घाला," ती हळूच म्हणाली. मी सांध्यात घातली. पाय सुटा झाला.

मग काय विचारता! ऑम्लेट गेलं कुठल्या कुठे. लंबूनं दोन्ही हातांनी खाल्लं. कातडी दातांखाली वाजत होती. उस्तादांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "एवढी वर्षं खातोय रे सगळ्यांच्या हातचं, असं नाही खाल्लं." ताईंनी हाड चोखून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "एवढं येतं तुला, आणि बायकोच्या हातचं गिळतोस रोज? तूच का नाही करत?" लंबूनं भरल्या तोंडानं विचारलं, "कातडी एवढी कडक कशी केलीस?" आणि मी, माझी कमाल बघा, मी सांगितलं. "फ्रिजमध्ये उघडं ठेवायचं. सुईनं टोचायचं." दोन घटका मला बरंसुद्धा वाटलं.

बटाट्यांना कुणी हात लावला नाही. त्याच बदकाच्या चरबीतले बटाटे, सोनेरी झालेले. ताईंनी ताटातला तो एक बटाटाही कडेला सारला आणि हिचं मन राखायला म्हणाल्या, "कोबी दिसायला मस्त आहे हो."

ही मान हलवून "बरं, बरं" म्हणत होती. एकेकाचं तोंड बघत होती, कोण काय बोलतंय ते नीट ऐकत होती. मला राहवेना. सुरी खाली ठेवली.

"बदक मी नाही केलं," मी म्हणालो. "हिनं केलंय. सगळं हिनंच केलंय. मी तुमच्याशी खोटं बोलत होतो."

आधी उस्ताद हसले. उस्ताद! ताईंनी तोंडाला पदर लावला. लंबूनं माझ्या पाठीत थाप मारली. "बघा वहिनी, बघा! सोडत नाही हा. जेवतानासुद्धा सोडत नाही!"

"अरे, खरं सांगतोय!" मी ओरडलो. जेवढा ओरडलो तेवढे जास्त हसले. दोष त्यांचा नव्हता. मी तोंड उघडलं की हसायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

ते गेल्यावर मी दार लावून स्वयंपाकघरात गेलो. ही दवाखान्यातल्या सिस्टरशी फोनवर बोलत होती. "हो, येते मी. उद्यापासून चालेल." फोन ठेवला, ताट घेतलं आणि खाली बसून ते बटाटे खायला लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"असं का म्हणालीस? मी केलं म्हणून?" मी विचारलं.

"मला बाहेरच्यांचं मत हवं होतं," ती म्हणाली. "माझ्या नावावर ते मिळालं नसतं. तुमच्या नावावर मिळालं."

मी तिच्यासमोर बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते लपवलंही नाही. "भाताचं मी सांगायला नको होतं. बाकी एक वेळ ठीक, पण ते नको होतं."

ती खात राहिली. "नको होतं," एवढंच म्हणाली.

"उद्या कारखान्यात सगळ्यांना खरं सांगतो. सगळं. अगदी पहिल्यापासून."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "सांगा," म्हणाली. "पण सांगताना हसवू नका."

आज जेवणाच्या सुट्टीत टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, डबे उघडले. मी माझा डबा उघडला आणि टेबलाच्या मधोमध सरकवला. कुणी हात लावला नाही. उस्ताद वाट बघत होते. ताई स्टूल ओढून जवळ आल्या.

"तो करपलेला भात," मी सुरुवात केली, आणि लंबू हसायला लागला. त्याचं बघून ताई, मग बाकीचे. अजून मी काहीच बोललो नव्हतो.

मी उभा राहिलो आणि थांबलो. त्यांचं हसणं थांबेना. एकेक जण माझ्या चेहऱ्याकडे बघून गप्प होत गेला. लंबू सगळ्यात शेवटी.

"त्या दिवशी तिचे वडील गेले होते," मी म्हणालो.