सुनिताचा वाफा

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. दिंद्रुडजवळच्या एका लहान शाळेच्या परसबागेत राहते. मित्रांनो, बुडाला भोक पडलं म्हणून मला लगेच भंगारात काढू नका. आधी माझं ऐका.

आमच्या बागेत प्रत्येक वाफ्याला एका मुलाचं नाव आहे. चौथीतल्या सुनिताच्या वाफ्यात वांगी. ती मला दोन्ही हातांनी उचलायची आणि निम्मं पाणी स्वतःच्या पायांवर सांडायची. माझा फार जीव तिच्यावर.

दसऱ्यानंतर पालकांची बैठक भरली. शाळा समितीचे अध्यक्ष भगवानराव म्हणाले, "खुरपं तर पोरांच्या नशिबाला हायेच. शाळेत बी तेच कावून? अन् दिवाळी झाली की निम्मी पोरं मायबापासंगं ऊसतोडीला जात्यात. लावायचं एकानं, खायचं दुसऱ्यानं. बंद करा ही बाग."

मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, ते खरंच होतं. गेल्या साली नावांच्या पाट्या इथं उभ्या होत्या आणि मुलं उसाच्या फडात. शिवाय पाणी भरण्यात पाढ्यांचा तास बुडायचा, तोही माझ्याच पायी.

खिचडी शिजवणाऱ्या मंजुळाबाई म्हणाल्या, "वांगं असलं की पोरं दुसऱ्यांदा ताट आणत्यात. नुसती खिचडी लई उरती."

मग सुनिताचे वडील, बजरंग, मागून उठले. "औंदा आमी सुनीला नेत न्हाई. वांगी लागूस्तोर हालायची न्हाई म्हन्ती. रडून घर डोक्यावर घेतलं. आजीपाशी ठिवतो."

"मंग ऱ्हाऊ द्या बाग," भगवानराव म्हणाले. "पर तास बुडवायचा न्हाई. ताटं धुतलेलं पाणीच घाला."

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक सुनिताच्या आईवडिलांना घेऊन गेला. सुनिता रस्त्यापर्यंत पळाली आणि परत आली ती सरळ माझ्याकडे. त्या दिवशी वाफ्याला पाणी जरा जास्तच झालं.

परवा पहिली वांगी निघाली. वर्गाच्या मॅडमच्या फोनवर सुनितानं ती आईला दाखवली. "खाऊन घे गं माय," एवढंच आई बोलली.

आता माझं भोक वाढलं आहे. कुणीतरी भोकावर कथिलाचा डाग देऊन आणा. नवी झारी आणलीत तरी मी रुसणार नाही. पण वाफा सुकू देऊ नका. तिचे आईवडील यायला अजून तीन महिने आहेत, आणि तोवर तिला शाळेत धरून ठेवायला तो वाफाच आहे.